आजी म्हणाली, तिकडं तोंड कर

तांडापेठेतल्या एका आजीबद्दल लिहायला बसलोय. पण ती मला भेटली कशी, हे सांगायचं तर २०२४ च्या लोकसभेच्या उन्हाळ्यातून जावं लागेल.

मी नागपुरातला फोटोग्राफर. लग्न, बारसं, शाळेचं स्नेहसंमेलन, दुकानाचं उद्घाटन, हे आमचं बारमाही काम. निवडणूक लागली की त्यात दोन कामांची भर पडते. एक उमेदवाराचं: पदयात्रेत त्याच्यापुढे उलटं चालत ओवाळणीचे फोटो काढायचे आणि रात्रीतून पाठवायचे. दुसरं निवडणूक यंत्रणेचं, ज्याची लोकांना फारशी माहिती नसते. उमेदवाराच्या खर्चावर नजर ठेवायला व्हिडिओ सर्व्हेलन्स टीम असते. आम्ही तिला व्हीएसटी म्हणतो. तिच्यासोबत कॅमेरा घेऊन फिरणारा बहुतेकदा गावातलाच एखादा लग्नाची शूटिंग करणारा असतो. मी हे दुसरं काम घेतलं. पैसे ठेकेदारामार्फत येतात आणि फार उशिरा येतात, याचा राग अजून गेलेला नाही. अर्धा पावसाळा सरल्यावर ते हातात पडले.

व्हीएसटीचं काम लग्नाच्या शूटिंगच्या अगदी उलट. सुरुवातीला कॅमेऱ्यात स्वतःच बोलायचं: कार्यक्रम कोणता, तारीख, ठिकाण, पक्ष, उमेदवार. मग मंच किती मोठा आहे ते कळेल असा शॉट, मग खुर्च्यांच्या रांगा, झेंडे, कटआउट, कूलर आणि आलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर. भाषणही घ्यायचं. ही चित्रफीत नंतर दुसरं पथक बसून बघतं, ठरवून दिलेल्या दरपत्रकाप्रमाणे एकेका वस्तूची किंमत लावतं आणि ती उमेदवाराच्या खर्चात धरली जाते. लोकसभेला महाराष्ट्रात खर्चाची मर्यादा ९५ लाखांची. त्यामुळे खुर्च्या टिपायला गेलं की कार्यकर्ते हमखास वाद घालतात. ‘भाऊ, त्या मागच्या दोन रांगा नका घेऊ, त्या मंडपवाल्यानं अशाच ठेवल्या.’ मी घेतच होतो.

सक्करदरा, जरीपटका, गोकुळपेठ, महाल, कामठी रोड. दिवसभर गाडीत बसायचं, संध्याकाळी सभा. दुपारी बारा ते चार नागपूर रस्त्यावर नसतंच. रिकाम्या रस्त्यावरून एखादा प्रचाराचा ऑटो भोंगा वाजवत जातो आणि ऐकायला फक्त रसवंतीवाला असतो. गांधीबागेत एका दुकानात सगळ्या पक्षांचे दुपट्टे एकाच काउंटरवर रचलेले पाहिले. तो फोटो मी स्वतःसाठी काढला. १४ एप्रिलच्या मध्यरात्री संविधान चौकात उभा होतो. ती गर्दी कोणी आणलेली नव्हती, स्वतःहून आली होती, आणि हा फरक कॅमेऱ्यातून लगेच दिसतो.

आणलेल्या गर्दीबद्दल बोलायचंच आहे. दक्षिण नागपुरातल्या एका सभेला बायांना चार वाजताच बसने आणून टिनाच्या मंडपात बसवलं होतं. नेते आले सातनंतर. पाण्याचे कॅन साडेपाचलाच रिकामे झाले. एक बाई लहान लेकराच्या तोंडावर पदराने वारा घालत होती आणि मंचावरून कोणीतरी सांगत होतं, माताभगिनींनी प्रचंड संख्येने हजेरी लावली आहे. मी खुर्च्या टिपल्या, कारण माझं काम तेवढंच होतं. त्या बाया तीन तास कशा बसल्या, हे कुठल्याच रकान्यात जात नाही. कोणत्या पक्षाची सभा होती ते मुद्दाम सांगत नाही. दुसऱ्यांकडेही वेगळं काही चालत नव्हतं.

तरीही कॅमेरा वळला की तीच माणसं हात वर करत. एरवी पाय दुखतात म्हणून कुरकुरणारा म्हातारा पागोटं नीट करायचा. ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या ताई कॅमेरा समोर येईपर्यंत थांबायच्या, उमेदवारही थांबायचा. पोट्टे तर मागेच लागायचे: ‘ओ भाऊ, आमचा काढा ना!’ सगळा हंगामच असा गेला. प्रत्येकाला फोटोत यायचं होतं.

मग घरून मतदानाची ड्युटी लागली. त्या लोकसभेला ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना घरी मत देता येत होतं. त्यासाठी आधी १२ डी नावाचा अर्ज भरावा लागतो. ज्यांनी तो भरला त्यांच्याकडे मतदानाच्या काही दिवस आधी पथक जातं: दोन मतदान अधिकारी, सूक्ष्म निरीक्षक, पोलीस आणि व्हिडिओवाला. उमेदवारांच्या प्रतिनिधींनाही आधी कळवलेलं असतं.

गोळीबार चौकातून आत वळलो तेव्हा अकरा वाजायचे होते आणि ऊन डोळ्यांत घुसत होतं. तांडापेठ म्हणजे विणकरांची जुनी वस्ती. आता मागाचा आवाज एखाद्याच घरातून येतो. आजींच्या घरात माग होता, पण त्यावर गाद्यांची चळत आणि लेकरांची दप्तरं. आजी खाटेवर बसलेल्या, चष्म्याला मागून दोरा बांधलेला. आम्हाला बघून म्हणाल्या, ‘थांबा जी, लुगडं बदलते.’ सून म्हणाली, ‘आई, बसल्या जागी करायचं आहे ना, कोण पाहते?’ आजींनी ऐकलं नाही. आतल्या खोलीत जाऊन धुवट लुगडं नेसून आल्या आणि खाट सोडून खुर्चीवर बसल्या.

अधिकाऱ्यांनी स्टुलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. टपाली मतपत्रिका काढली तशी ती पंख्याच्या वाऱ्याने उडायला लागली. पंखा बंद केला. तरी खिडकीतल्या कूलरचा झोत होताच, तोही बंद केला. दोन मिनिटांत खोलीत उभं राहवेना. अधिकाऱ्यांच्या कपाळावरचा घाम कागदावर पडू नये म्हणून त्या सारख्या रुमाल लावत होत्या.

आजींनी मतपत्रिका हातात घेतली आणि तेवढ्यात त्यांची नजर माझ्याकडे गेली.

‘हा पोट्टा कोनाचा हाय?’

त्यांना वाटलं मी एखाद्या पक्षाचा. गल्लीत महिनाभर जे कॅमेरे फिरले ते पक्षांचेच होते, तेव्हा त्यांचं काही चुकलं नव्हतं. अधिकारी म्हणाल्या, ‘आजी, हे आमच्यासोबतच आहेत, सरकारी रेकॉर्डिंग आहे.’

‘सरकारी असो का कोनाचा असो. माह्या मताचा फोटो कायले? तिकडं तोंड कर.’

नियमही तेच सांगतो. सगळी प्रक्रिया टिपायची, पण मत कुठे पडलं ते कॅमेऱ्यात येता कामा नये. मी आडोशाच्या मागच्या बाजूला, चांगला लांबच उभा होतो. तरी आजींना ते पुरेसं वाटलं नाही. अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि मी कॅमेऱ्यासकट दाराकडे वळलो. दारात शेजारपाजारचे जमले होते, एका पक्षाचा पोरगाही होता. आजी त्यालाही म्हणाल्या, ‘तू बी.’ तो पाठ करून उभा राहिला.

मुलगा पुढे झाला. ‘आई, तुला दिसत नाही नीट. मी सांगू का?’

‘तुले इचारलं का मी?’

सोबती घ्यायची मुभा नियमात आहे. आजींना तो नको होता. मग त्या वाचायला लागल्या. मला दिसत काहीच नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. बोट कागदावरून सरकल्याचा आवाज, बांगडी स्टुलाला लागल्याचा आवाज, आणि मग पुटपुटत एकेक नाव. अधिकारी घाईने म्हणाल्या, ‘आजी, मनात वाचा, मनात.’ आजी गप्प झाल्या, पण वेग तोच. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत. यादी लांबलचक होती, त्यातली कितीतरी नावं तर मीही आयुष्यात ऐकली नव्हती. पोलीस भिंतीला टेकला. माझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि खरं सांगतो, पंख्याची आठवण एकदाही झाली नाही. इतक्या सभा टिपल्या, पण एवढं लक्ष देऊन कोणी काही करताना पाहिलं नव्हतं.

‘झालं,’ म्हणाल्या. मतपत्रिका घडी करून त्यांनी स्वतः लहान पाकिटात घातली. सोबतच्या घोषणापत्रावर सही त्यांनी जुळवून जुळवून केली, अंगठा द्यायला नकार दिला. अधिकाऱ्यांनी त्यावर साक्षांकन केलं. लहान पाकीट आणि तो सहीचा कागद मोठ्या पाकिटात गेला. डिंक लावल्यावर आजींनी पाकीट मांडीवर घेतलं आणि तळव्याने कडा दाबत बसल्या. अधिकारी म्हणाल्या, चिकटलं आजी. तरी त्यांनी आणखी थोडा वेळ दाबून धरलं, मगच दिलं.

कूलर सुरू झाल्यावर त्यांचा राग उतरला. पहिलं मत लग्न होऊन या घरात आल्यावर टाकलं, म्हणाल्या. ‘तवा ज्याची त्याची पेटी येगळी होती. पेटीवर चित्र. आपला कागुद आपल्या पेटीत टाकाचा.’ मी नंतर हिशोब केला. १९५७ ची निवडणूक. नागपूर तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्यात होतं, मतदानाचं वय २१ होतं आणि प्रत्येक उमेदवाराची खरोखरच स्वतंत्र मतपेटी असायची. त्यानंतर त्यांनी कागदावर शिक्के मारले, मशीनचं बटण दाबलं आणि आता घरात बसून पेनाने खूण केली.

चहा घ्यायला पथकाने नाही म्हटलं, अजून घरं बाकी होती. ‘सरकारी मानूस पानी बी पेत नाही का?’ मग सगळ्यांनी माठातलं पाणी प्यायलो, वाळा टाकलेलं. गावोगावच्या हॉटेलांत पैसे मोजून पाहुणचार घेतलाय मी, पण असं थंड पाणी कुठे मिळाल्याचं आठवत नाही.

१७ तारखेला रामनवमी होती आणि त्याच संध्याकाळी प्रचार संपला. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा, तुफान गर्दी. सहा वाजता प्रचाराचे भोंगे बंद झाले, पण शोभायात्रेच्या ढोलांत ते कोणाला कळलंही नसेल.

१९ तारखेबद्दल माझी तक्रार आहे. त्या दिवशी मला काम नव्हतं. सकाळी मत दिलं आणि कॅमेरा घेऊन केंद्रांच्या बाहेर फिरलो. सेल्फी पॉइंटवर शाईचं बोट दाखवायला ही रांग, आणि आत तुलनेने निवांत. दुपारी एकच्या सुमारास एका शाळेसमोर ऑटो थांबला. नव्वदीचे आजोबा, सोबत नातू. ऑटो फाटकाशीच अडला, व्हीलचेअर दुसऱ्या कोणाला घेऊन आत गेलेली. नातू आजोबांना धरून उन्हातून मैदान ओलांडत होता. मध्येच त्यांना विटांच्या ढिगावर बसावं लागलं. मी कॅमेरा गळ्यात टाकला आणि दुसरा हात धरला. घरून मतदान असतं हे नातवाला माहीतच नव्हतं. अर्ज घेऊन कोणी आलं होतं का, विचारलं, तर नाही म्हणाला.

नागपुरात २२ लाखांहून जास्त मतदार आणि मतदान झालं ५४ टक्क्यांच्या आसपास. जे आलेच नाहीत त्यांच्यावर सगळे चिडतात. मला चीड आली ती १२ डीच्या मुदतीची. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत अर्ज द्यायचा. त्या वेळी अधिसूचना २० मार्चला निघाली आणि लगेच होळी. ज्या घरात नव्वदीचं माणूस आहे त्या घराला एवढ्यात कळणार कधी, कागद शोधणार कधी?

नोव्हेंबरच्या विधानसभेलाही तसंच झालं. अधिसूचना २२ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर. या वेळी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी मी स्वतः गेलो, मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ ताईंचा नंबर दिला. दोन घरांतून अर्ज गेले. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांनी मात्र मला परत पाठवलं. ‘घरी कोण येणार? चार सरकारी माणसं. केंद्रावर माझे सगळे विद्यार्थी भेटतात,’ म्हणाले. मी बराच वाद घातला, तांडापेठेतल्या आजींचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि २० नोव्हेंबरला सकाळी सात वाजता गाडी घेऊन ये म्हणाले.