पदवी करताना भाषेची पदविका झेपते का?

दर जूनमध्ये बारावी झालेली मुले, आणि त्यांच्याहून अधिक त्यांचे पालक, मला विचारतात की पदवीचा अभ्यास सांभाळून भाषेची पदविका झेपते का. पुण्यात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत असताना मी पहिल्या वर्षी जर्मनचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि दुसऱ्या वर्षी पदविका पूर्ण केली. त्या अनुभवावरून सांगतो की झेपते, मात्र भाषेला रोज थोडा वेळ देण्याची तयारी हवी.

नियमांची अडचण फारशी नसते. वर्गांच्या वेळा एकमेकांवर येत नसतील तर दोन पूर्णवेळ अभ्यासक्रमही एकाच वेळी करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये दिली आणि अर्धवेळ भाषावर्ग तर पुण्यातले विद्यार्थी त्याच्या कितीतरी आधीपासून पदवीबरोबर करत आले आहेत.

खरी अडचण अभ्यासाच्या सवयीची असते. रसायनशास्त्राचे मागे पडलेले प्रकरण परीक्षेआधी जागून भरून काढता येत असे. भाषेचे तसे नाही. दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षांच्या गडबडीत मी तीन आठवडे जर्मनची वही उघडली नाही आणि वर्गात परतल्यावर बाईंनी अगदी साधा प्रश्न विचारला, तेव्हा शब्द ठाऊक असूनही वाक्य तोंडून निघेना. त्या दिवसापासून बसमधला जाण्यायेण्याचा वेळ मी जर्मनसाठी राखून ठेवला. एका छोट्या वहीत प्रत्येक नाम त्याच्या लिंगदर्शक शब्दासह लिहायचे आणि मनात घोकायचे, एवढेच. पण ते रोज.

लिंगांची ही घोकंपट्टी चुकत नाही. चमचा आपल्याप्रमाणे जर्मनमध्येही पुल्लिंगी, पण काटा तिथे स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. तरीही तीन लिंगांची कल्पना मराठी माणसाला नवी नसते, हे मला फार उशिरा उमगले, कारण आम्ही जर्मन शिकत होतो ते इंग्रजीतून. इंग्रजी बाजूला ठेवून मराठीतून पाहू लागल्यावर कितीतरी गोष्टी सोप्या झाल्या. ‘मला थंडी वाजते’ यातला ‘मला’ जर्मनच्या ‘मीर इस्ट काल्ट’मध्ये जसाच्या तसा भेटतो. चोवीस म्हणताना आपण आधी चार आणि मग वीस म्हणतो. जर्मन ‘फिअरउंडत्स्वान्त्सिश’ची रचनाही तीच आहे. जर्मन शिकणाऱ्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला हे पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.

पदवीच्या अभ्यासालाही या भाषेचा आधार मिळाला. सेंद्रिय रसायनात दुहेरी बंधाभोवतीची रचना दाखवणारी ई आणि झेड ही अक्षरे मी आधी नुसती पाठ केली होती. ‘एंटगेगेन’ म्हणजे विरुद्ध आणि ‘त्सुझामेन’ म्हणजे एकत्र, या जर्मन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत हे कळल्यावर त्यांची गल्लत पुन्हा कधी झाली नाही.

पालक नोकरीचे विचारतात, तेव्हा मी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जर्मनीत शिकायला जाताना भाषेची पातळी दाखवण्यासाठी सहसा गोएथे किंवा टेस्टडाफ यांसारख्या परीक्षांचे प्रमाणपत्र मागतात, त्यामुळे इथल्या पदविकेवर भागेलच असे नाही. त्या परीक्षेची तयारी आणि तिचे शुल्क वेगळे धरावे.

तिसऱ्या वर्षी मात्र मी प्रगत पदविकेला प्रवेश घेतला नाही. प्रकल्प, पदव्युत्तर प्रवेश परीक्षा आणि दीर्घ प्रात्यक्षिके यांतून रोजचा अर्धा तासही निघाला नसता, आणि अर्धवट केलेल्या वर्षापेक्षा पदवीनंतर नीट केलेले वर्ष मला बरे वाटले. म्हणून सुरुवात करायची तर पहिल्या वर्षीच करा, आणि भाषावर्गाचे शुल्क भरण्याआधी महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक हातात येऊ द्या.