बॅक्युलाच्या डीआर (आपत्तीनंतरच्या पुनर्स्थापनेच्या) फाइल्स कुठे ठेवायच्या: पंचवटीतल्या सर्व्हरची नोंदवही, टप्पा ३

टप्पा २ संपला तेव्हा बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरवर रोजचे बॅकअप सुरळीत चालू झाले होते. मशीन तेच आहे: डेबियन १२, बॅक्युला ९.६, कॅटलॉग (कोणती फाइल कुठल्या बॅकअपमध्ये आहे याची नोंद) पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसमध्ये, व्हॉल्यूम फाइल्स (ज्यांत प्रत्यक्ष बॅकअप साठतो) ४ टीबीच्या दोन डिस्कच्या मिररवर. व्हॉल्यूमची दुसरी प्रत दर रविवारी यूएसबी डिस्कवर उतरते आणि ती डिस्क नाशिकरोडला ठेवली जाते. आता उरतो तो प्रश्न असा: सर्व्हर मुळासकट गेला आणि हातात फक्त ती डिस्क राहिली, तर ती वाचायला लागणाऱ्या फाइल्स कुठे सापडणार?

सर्व्हर नाशिकच्या पंचवटीत तळमजल्यावर आहे, त्यामुळे ही भीती कागदावरची नाही. २००८, २०१६ आणि २०१९ या तिन्ही वर्षी गोदेच्या पुराचं पाणी नदीकाठच्या बाजारपेठांत शिरलं होतं. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की सगळे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात, पाणी कुठवर चढलं ते. म्हणून प्रत्येक जागेला एकच कसोटी लावली: पूर, वीज पडणं, चोरी, रॅन्समवेअर यांपैकी काहीही झालं तर सर्व्हरबरोबर ही जागाही जाते का? नुसतं अंतर मोजून हे कळत नाही.

आधी फाइल्स कोणत्या ते पक्कं करू. कॅटलॉगचा डंप (डेटाबेसची फाइलमध्ये उतरवलेली प्रत), कॅटलॉग जॉबची बूटस्ट्रॅप फाइल (तो बॅकअप कुठल्या व्हॉल्यूममध्ये कुठे आहे ते सांगणारी), डिरेक्टर (कामं ठरवणारा), स्टोरेज (व्हॉल्यूम लिहिणारा) आणि क्लायंट (ज्याचा बॅकअप घ्यायचा तो) या तिघांच्या कॉन्फिगरेशन फाइल्स, एन्क्रिप्शनची मास्टर की (क्लायंटची स्वतःची की हरवली तरी बॅकअप उघडणारी), बसवलेल्या पॅकेजेसची आवृत्तीसह यादी, आणि पुनर्स्थापनेच्या पायऱ्यांचा एक कागद. यातली सर्वांत दुर्लक्षित फाइल म्हणजे स्टोरेज डिमनची (मागे सतत चालणाऱ्या स्टोरेज प्रोग्रामची) कॉन्फिगरेशन. कॅटलॉगशिवाय व्हॉल्यूममधून काहीही काढायला बॅक्युलाचं बीएक्स्ट्रॅक्ट हे साधन लागतं, आणि डिव्हाइस कुठे आहे हे बीएक्स्ट्रॅक्ट याच फाइलमधून वाचतं. म्हणजे ती फक्त व्हॉल्यूममध्ये असेल तर किल्ली तिजोरीतच बंद झाली.

कॅटलॉग मिळालाच नाही तर व्हॉल्यूम वाचून तो नव्याने बनवणारं बीस्कॅन आहे, पण त्यावर भिस्त ठेवू नये. ते व्हॉल्यूम पहिल्या बाइटपासून शेवटपर्यंत वाचतं. सेकंदाला १५० एमबी वेग धरला तरी भरलेली ४ टीबी डिस्क नुसती वाचायला सात-साडेसात तास जातात, आणि त्यावर प्रत्येक फाइलची नोंद डेटाबेसमध्ये घालायचा वेळ वेगळा.

बॅक्युलाची मूळ मांडणी इथे तीन ठिकाणी दगा देते. पहिलं, कॅटलॉगचा डंप आणि बूटस्ट्रॅप फाइल दोन्ही बॅक्युलाच्याच कामाच्या फोल्डरमध्ये, त्याच डिस्कवर पडतात. दुसरं, जॉब संपल्यावर चालणारी स्क्रिप्ट डंप पुसून टाकते, म्हणून व्हॉल्यूमबाहेर त्याची प्रतच उरत नाही. ती ओळ बंद केली. दुसऱ्या दिवशीचा डंप आधीच्यावर लिहिला जातो, त्यामुळे जागा वाढत जात नाही. तिसरं, कॅटलॉगच्या फाइलसेटमध्ये (बॅकअप घ्यायच्या फाइल्सच्या यादीत) फक्त डंप असतो. त्यात कॉन्फिगरेशनचं फोल्डर हाताने जोडावं लागतं.

कॅटलॉगसाठी वेगळा पूल (व्हॉल्यूमचा गट) केला: एका व्हॉल्यूममध्ये एकच जॉब, रिटेन्शन (जपून ठेवण्याची मुदत) ३० दिवस. सगळं एकाच पुलात असेल तर जुनी बूटस्ट्रॅप फाइल ज्या व्हॉल्यूमकडे बोट दाखवते तो कधीच रिसायकल झालेला, म्हणजे पुसून पुन्हा वापरलेला असू शकतो. वेगळ्या पुलाचा दुसरा फायदा म्हणजे ती छोटी व्हॉल्यूम फाइल जशीच्या तशी उचलून कुठेही नेता येते.

आता जागा. आधी एनएफएसने (दुसऱ्या मशीनचं फोल्डर नेटवर्कवरून आपल्याकडे जोडून, म्हणजे माउंट करून) दुसऱ्या मशीनवर थेट बूटस्ट्रॅप लिहून पाहिलं. बॅक्युलाचा मार्गदर्शक दुसऱ्या मशीनवर लिहायला सांगतो, ते तत्त्व बरोबरच आहे, पण घरगुती जाळ्यात दोन अडचणी येतात. समोरचं मशीन बंद असेल आणि माउंट हार्ड (उत्तर येईपर्यंत वाट बघणारं) असेल तर जॉब लटकून बसतो. आणि माउंट झालंच नसेल तर फाइल माउंट पॉइंटच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे आपल्याच डिस्कवर, निमूट लिहिली जाते. लॉगमध्ये सगळं हिरवं! दुसरीवर उपाय आहे: माउंट काढून त्या रिकाम्या फोल्डरची मालकी रूटकडे द्यायची आणि लिहिण्याची परवानगी काढायची. डेबियनवर डिरेक्टर बॅक्युला या युजरने चालतो, त्यामुळे तो तिथे लिहू शकत नाही आणि चूक उघडी पडते. पहिल्या अडचणीसाठी मात्र थेट लिहिणं सोडून दिलं. बूटस्ट्रॅप स्थानिक डिस्कवरच लिहायची आणि बाहेर नेण्याचं काम वेगळं ठेवायचं.

ते वेगळं काम म्हणजे अॅडमिन प्रकारचा (बॅकअप न घेता फक्त स्क्रिप्ट चालवणारा) एक जॉब, प्रायॉरिटी १२. कॅटलॉग जॉबची प्रायॉरिटी ११ असते, म्हणून हा आपोआप त्याच्या मागे थांबतो. याची स्क्रिप्ट आधी डंपच्या शेवटी ‘डेटाबेस डंप कम्प्लीट’ ही पोस्टग्रेची ओळ आहे का ते बघते. नसेल तर चूक कळवून थांबते. डिस्क भरल्यामुळे अर्धवट तुटलेले डंप याच एका तपासणीत पकडले जातात. मग डंप, बूटस्ट्रॅप आणि कॉन्फिगरेशन एकत्र करून झेडएसटीडीने दाबते (आकार लहान करते) आणि जीपीजीने कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करते. कुलूप हवंच, कारण डिरेक्टरच्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. जीपीजीची सिमेट्रिक (एकाच पासफ्रेजने बंद आणि उघडणारी) पद्धत मुद्दाम घेतली: सात शब्दांचा पासफ्रेज कागदावर मावतो आणि पावसाळी रात्री टॉर्चच्या उजेडातही टाइप करता येतो. खाजगी की टाइप करून बघा, म्हणजे फरक कळेल.

हा गठ्ठा पहाटे पाच वाजता इंदिरानगरला, दुसऱ्या मजल्यावरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर जातो. दिशा महत्त्वाची: सर्व्हर गठ्ठा ढकलत नाही, रास्पबेरी पाय तो ओढून घेतो. सर्व्हरकडे पायची किल्लीच नाही, म्हणून सर्व्हरवर कोणी शिरलं तरी तिथल्या जुन्या प्रती पुसता येत नाहीत. पायला सर्व्हरवर फक्त वाचायची परवानगी आहे, आरआरसिंकमधून (फाइल-नकलेला मर्यादा घालणाऱ्या स्क्रिप्टमधून), एकाच फोल्डरपुरती. इंदिरानगरचं कनेक्शन सीजीनॅटमागे आहे, म्हणजे बाहेरून तिथे थेट जोडता येत नाही, पण जोडणी पायकडूनच सुरू होत असल्याने अडत नाही. दोघांना जोडणाऱ्या वायरगार्ड या व्हीपीएनचा कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा संदेश) २५ सेकंदांवर ठेवला की झालं. रोजच्या १४ आणि महिन्याच्या १२ प्रती ठेवल्या आहेत.

ईमेल ही सर्वांत स्वस्त जागा आणि आमच्या मते सर्वांत कमी वापरली जाणारी. बूटस्ट्रॅप फाइल काही केबीची, साध्या मजकुराची असते. ‘राइट बूटस्ट्रॅप’च्या सुरुवातीला उभी रेघ घातली की बॅक्युला ती फाइल एखाद्या प्रोग्रामकडे सोपवतो, आणि तो ती मेल करू शकतो. बॅक्युलासोबत येणाऱ्या बीएसएमटीपी या मेल-प्रोग्रामला मेल सर्व्हरवर लॉगिन करता येत नाही, म्हणून मध्ये लॉगिन करू शकणारं एमएसएमटीपी लावावं. मेलमध्ये फक्त बूटस्ट्रॅपच जावी, कॉन्फिगरेशन नको.

क्लाउडवरही एक प्रत आहे, व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या जपणं) चालू ठेवून. इथला धोका डेटा सेंटरपेक्षा लॉगिनचा जास्त. पासवर्ड मॅनेजर त्याच सर्व्हरवर चालत असेल, किंवा ओटीपी ज्या फोनवर येतो तो घराबरोबर पाण्यात गेला असेल, तर प्रत असून नसल्यासारखी. रिकव्हरी कोड कागदावर उतरवून ठेवलेत.

सर्व्हरला कायम लावलेला पेनड्राइव्ह या यादीत धरलेला नाही. मेमध्ये वळवाच्या पावसात वीज कडाडली की दोघांचं एकदमच होतं.

कागदाबद्दल थोडं सविस्तर, कारण चुका इथेच होतात. थर्मल प्रिंट वापरू नये: अक्षरं उडतात, आणि लॅमिनेशनच्या उष्णतेने अख्खा कागद काळा पडतो. इंकजेटची शाई ओलीत पसरते. लेझर प्रिंट किंवा पेन्सिल चालते. मास्टर कीची २०४८ बिटची पेम फाइल (की साठवायची मजकुराची फाइल) साधारण १७०० बाइटची असते. सर्वांत मोठ्या क्यूआर कोडमध्ये २९५३ बाइट मावतात, म्हणजे ती एकात बसेल. पण एवढा दाट कोड चुरगळलेल्या कागदावरून वाचला जात नाही. चार तुकडे करून प्रत्येकाला सर्वांत जास्त दुरुस्ती-पातळी (कोड थोडा खराब झाला तरी वाचता येण्याची सोय) दिली. एक संच बँक लॉकरमध्ये, एक नाशिकरोडला. लॉकर सुट्टीच्या दिवशी उघडत नाही, म्हणून तो एकटा पुरत नाही.

मास्टर कीची एक गोम: ती क्लायंटच्या कॉन्फिगरेशनमध्ये घातल्यानंतर झालेल्या बॅकअपनाच लागू होते. त्याआधीचे बॅकअप त्या-त्या क्लायंटच्या स्वतःच्या कीनेच उघडतात. म्हणून की घातल्यावर लगेच सगळे फुल बॅकअप नव्याने घेतले.

रंगीत तालीम एका कोऱ्या मशीनवर केली, फक्त कागद, पायवरचा गठ्ठा आणि नाशिकरोडची डिस्क घेऊन. बीएक्स्ट्रॅक्टने डंप निमूट दिला. अडलं ते तो डेटाबेसमध्ये भरताना. आधी बॅक्युला नावाचा रोल (डेटाबेसचा युजर) नव्हता. तो केल्यावर ‘इनव्हॅलिड बाइट सिक्वेन्स’ ही चूक आली. कारण डेटाबेस हाताने, यूटीएफ-८ मध्ये बनवला होता. बॅक्युलाची स्वतःची स्क्रिप्ट तो एसक्यूएल-आस्की एन्कोडिंगमध्ये बनवते, कारण फाइलची नावं कुठल्याही बाइटची असू शकतात. जुन्या झिपमधून आलेली मराठी नावं तर हमखास तशी निघतात. स्क्रिप्टने पुन्हा बनवला आणि डंप एका दमात भरला गेला. या दोन ओळी पायऱ्यांच्या कागदात घातल्या आणि त्यापुढे बॅक्युलाची आवृत्ती ठळक लिहिली, कारण कॅटलॉगची रचना आवृत्तीनुसार बदलते. नवीन डेबियन घालून जुना डंप भरला तर डिरेक्टर सुरूच होत नाही. आधी टेबल अपडेट करणारी स्क्रिप्ट चालवावी लागते.

बाकी राहिलेलं: नाशिकरोडच्या कागदी संचातला तिसरा क्यूआर नीट स्कॅन होत नाही, तो पुन्हा छापायचा आहे. आणि पुढची तालीम जूनच्या पहिल्या आठवड्यात, गंगापूर भरायच्या आत, वायरगार्ड बंद ठेवून.