रत्नागिरीतला घरगुती नॅस : पहिल्या पावसाळ्याची नोंद

नॅस, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फायली एका जागी ठेवणारं नेटवर्कवरचं मशीन, मार्चअखेर उभं राहिलं आणि आता नवरात्र तोंडावर आलंय, म्हणजे एक अख्खा कोकणी पावसाळा त्याने काढला. सुट्या भागांवर बोलायला आपल्या सगळ्यांनाच आवडतं, पण तो भाग आटोपता घेतो. कारण एवढ्या काळात माझा वेळ प्रोसेसर किंवा रॅमवर गेलाच नाही. गेला तो अर्थिंगवर, यूपीएसवर आणि डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या एका फुटकळ साटा केबलवर.

सामान थोडक्यात सांगतो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेला छोट्या चणीचा डेस्कटॉप : आय५-८५००, १६ जीबी रॅम, साडेतीन इंची दोन डिस्क मावतील एवढी जागा. सहाव्या पिढीचे आय५ याहून स्वस्तात मिळतात, पण त्यांचं अंगभूत ग्राफिक्स एचईव्हीसी या व्हिडिओ प्रकाराच्या ८-बिटवर थांबतं आणि जेलीफिनवर, म्हणजे घरचे व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, १०-बिटची फाइल लावली की सगळा भार प्रोसेसरवर येतो. म्हणून आठवी पिढी. बूटसाठी जुनी एसएसडी. साठ्याला ८ टीबीच्या दोन डिस्क, मुद्दाम दोन वेगळ्या दुकानांतून, म्हणजे एकाच खेपेच्या निघू नयेत. दोन्ही सीएमआर, म्हणजे ट्रॅक शेजारी-शेजारी असणाऱ्या. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेवरून एसएमआरचा गाजावाजा झाला, तेव्हापासून मॉडेल क्रमांक तक्त्याशी ताडल्याशिवाय मी पैसे काढत नाही. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे नवी डिस्क भरून घेण्याच्या वेळी, म्हणजे नेमक्या नाजूक क्षणी, लिहिण्याचा वेग झोपतो.

डेटा चढवण्याआधी दोन्ही डिस्कवर बॅडब्लॉक्स या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामचे चारही नमुने लिहून-वाचून घेतले. ८ टीबीला यात पाच-सहा दिवस सहज जातात. घरच्यांना तो खडखडाट आवडत नाही, पण नवी डिस्क दगा देणारी असेल तर तिने तो आत्ताच द्यावा.

वर डेबियन १२ हे लिनक्स आणि झेडएफएस ही फाइल सिस्टिम. ट्रूनॅस ही नॅससाठीची तयार प्रणाली वाईट नाही, पण मला पेटीत काय चाललंय ते स्वतःच्या हाताने लिहिलेल्या सेटिंगमधून बघायला आवडतं. झेडएफएसचा परवाना लिनक्स कर्नलच्या परवान्याशी जुळत नाही, त्यामुळे डेबियनवर त्याचं मॉड्यूल प्रत्येक नव्या कर्नलबरोबर तुमच्याच मशीनवर बांधलं जातं. कर्नलची हेडर पॅकेजं बसवलेली नसतील तर अपडेटनंतर पूल, म्हणजे डिस्क मिळून झेडएफएसने केलेला साठा, गायब दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो. दोन्ही डिस्क मिररमध्ये आहेत, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. ८ टीबीचे १०२४ च्या हिशेबाने दिसतात ७.२८ टीआयबी आणि तेवढेच वापरायला मिळतात. अर्धी जागा गेली म्हणून हळहळणारे भेटतात. पण मिररला डिस्क बदलणं सोपं, वाढवायचं तर आणखी एक जोडी घातली की झालं, आणि मला तेवढं पुरे. ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी, रॅम या मशीनला चालत नाही. झेडएफएस लिहिणाऱ्यांपैकी मॅथ्यू अहरेन्स यांचंच म्हणणं असं की ईसीसीची गरज झेडएफएसला इतर कुठल्याही फाइल सिस्टिमपेक्षा जास्त नाही. असली तर उत्तम, नसली म्हणून अडून बसू नये.

पेटीत काय आहे? १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमधली फुकटची अमर्याद जागा बंद झाली, तेव्हापासून साचत गेलेले घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो आता इमिच या घरच्याच मशीनवर चालणाऱ्या फोटो-प्रोग्राममध्ये. मिनीडीव्ही कॅसेटमधून उतरवलेली लग्नं आणि बारशी, तासाला साधारण १३ जीबी. आणि ज्यासाठी मुळात हा सगळा घाट घातला ती वडिलांची ध्वनिमुद्रणं : शिमग्यातलं नमन, जाखडीच्या बाऱ्या, टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन केलेली. त्या कॅसेटींना बुरशी धरली होती. फ्लॅक या आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात उतरवून झाल्यावर आता ती याच पेटीत जिवंत आहेत, म्हणून पेटीची एवढी काळजी.

आता विजेचं. मॉन्सूनच्या आधी मे महिन्यात आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे विजा कडकडतात. घरी इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला, असं मला अनेकांनी विचारलं. संगणकाचा पॉवर सप्लाय वीज गेल्यावर स्वतःच्या जोरावर १६-१७ मिलिसेकंद तग धरेल अशी अपेक्षा असते. साध्या मोडमधला इन्व्हर्टर त्याहून उशिरा जागा होऊ शकतो. शिवाय स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरच्या पुढे यूपीएस लावला तर काही यूपीएस ती वीज वीज म्हणून धरतच नाहीत आणि सारखे बॅटरीवर जातात. माझा इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा आहे, तरी मध्ये यूपीएस ठेवलाच.

यूपीएस घेताना एक गोष्ट बघा : मागे यूएसबी पोर्ट आहे का. दुकानात सर्रास मिळणाऱ्या ६०० व्हीएच्या डब्यांना बहुधा तो नसतो आणि मग वीज गेल्याचं मशीनला कळायला मार्गच उरत नाही. पोर्ट असेल तर नट, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स हा प्रोग्राम, पुढचं सांभाळतो. त्यातली एक खोच मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे.

समजा वीज गेली, बॅटरी उतरत आली, नटने मशीन नीट बंद करायला घेतलं आणि त्याच मिनिटाला वीज परत आली. मशीन बंद होतं. यूपीएसचा पुरवठा मात्र एकदाही तुटलेला नसतो. बायॉसमध्ये ‘वीज आल्यावर चालू हो’ असं ठेवलेलं असलं तरी मशीनच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही, त्यामुळे ते पडून राहतं. तुम्ही पुण्या-मुंबईला असाल तर परत येईपर्यंत पेटी मेलेली. यावर उपाय नटमध्येच आहे : मशीन बंद होताना शेवटच्या टप्प्यात यूपीएसला ‘आता आउटपुट तोड, मग वीज असेल तर पुन्हा दे’ असा हुकूम जातो. पण तो हुकूम तुमचा यूपीएस मानतो की नाही हे प्रत्यक्ष चाचणी घेतल्याशिवाय कळत नाही. भिंतीतला प्लग काढून, बंद होण्याची प्रक्रिया सुरू झाली की मुद्दाम परत लावून बघा. माझा मानतो. न मानणारा असेल तर दुकानदाराकडे परत न्यायची मुदत उलटायच्या आत ही चाचणी घ्यावी.

अर्थिंग हा जांभ्या दगडावर राहणाऱ्यांचा खास विषय. उन्हाळ्यात जांभा कोरडा ठाक होतो आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. मल्टिमीटरवर न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज एप्रिलमध्ये नको तेवढा दिसला. वायरमनने खड्डा उकरून जोड घासून घट्ट केला, कोळसा-मीठ नव्याने भरलं. आता उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतणं हे झाडांना पाणी घालण्याच्या फेरीतच धरलंय. सर्ज प्रोटेक्टरची पट्टी कितीही महागाची घ्या, तिने अडवलेली वीज उतरायला खाली जागा लागते. फायबरमधून वीज येत नाही हे खरं, पण राउटरचा अडॅप्टर भिंतीतच असतो आणि राउटरपासून नॅसपर्यंत तांब्याची केबल असते. म्हणून राउटर आणि स्विचही त्याच यूपीएसवर.

मग जुलै. डेबियनचं झेडएफएस पॅकेज दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपणहून स्क्रब चालवतं, म्हणजे सगळा डेटा वाचून चेकसमशी, म्हणजे त्याच्या नोंदवून ठेवलेल्या ठशाशी, ताडतं. जुलैतला स्क्रब रेंगाळला. पूलची तब्येत सांगणाऱ्या झेडपूल स्टेटसमध्ये एका डिस्कसमोर वाचनाच्या काही चुका आणि कर्नलच्या नोंदीत तीच तीच ओळ : इंटरफेस सीआरसीची चूक, लिंक रीसेट, आणि शेवटी साटाचा वेग ६ गिगाबिटवरून ३ वर उतरवल्याची सूचना. डेटा शाबूत होता, कारण दुसऱ्या डिस्कवरची प्रत धड होती.

अशा वेळी बरेच जण थेट नवी डिस्क मागवतात. त्याआधी स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल नोंदवते ते, आकडे वाचावेत. ५, १९७ आणि १९८ हे क्रमांक डिस्कच्या चकतीबद्दल बोलतात : बदललेले सेक्टर, संशयित सेक्टर, वाचता न आलेले सेक्टर. माझ्याकडे तिन्ही शून्य. वाढला होता तो १९९. हा आकडा डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेल्या पाठवण्या मोजतो. तो कधी शून्यावर येत नाही, त्यामुळे किती आहे यापेक्षा वाढतोय का हे बघायचं. मशीन बंद करून दोन्ही डिस्कच्या डेटा केबलींची अदलाबदल केली, मशीन चालू केलं आणि भरपूर वाचन करायला लावलं. आता दुसऱ्या डिस्कचा १९९ वाढू लागला. म्हणजे दोष केबलबरोबर फिरत होता. केबलच्या टोकातले संपर्क भिंगाखाली धरले तर एका बाजूला मुलामा काळवंडलेला. खटक्याची नवी केबल घातली, दोन्ही डिस्कचे आणि बोर्डावरचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. त्यानंतर दोन्ही आकडे जागच्या जागी आहेत.

स्मार्टवर सगळी भिस्त ठेवू नये हेही इथेच सांगतो. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला, त्यात मेलेल्या डिस्कपैकी अर्ध्याहून अधिक डिस्कवर मुख्य चार स्मार्ट संकेतांपैकी एकही उमटला नव्हता. पण माझ्यासाठी जास्त कामाचा निघाला तो २०१६ मधला, मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरमधल्या दहा लाखांहून अधिक डिस्कचा अभ्यास. आपण सगळे डिस्कच्या तापमानाकडे डोळे लावून बसतो. तिथे मात्र सर्वांत जास्त वजन सापेक्ष आर्द्रतेचं निघालं, आणि वाढलेले बिघाड मुख्यतः कंट्रोलर आणि जोडणीचे होते. चकतीचे नव्हे. माझी काळवंडलेली केबल त्याच जातीची.

म्हणून ऑगस्टमध्ये दोन बदल केले. पहिला, पेटी पावसाचा मारा खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीपासून हलवून माजघरात आणली. दुसरा बदल सवयीचा. डिस्क काही वेळाने झोपवण्याची सेटिंग पावसाळ्यात काढून टाकली. याचं गणित असं : बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना तीच हवा पेटीत ३६ अंशांपर्यंत तापली की सापेक्ष आर्द्रता सुमारे ५७ टक्क्यांवर येते. पाण्याची वाफ तेवढीच, पण उबदार हवेला ती ओझं वाटत नाही. मशीन चालू राहणं हाच इथला आर्द्रतारोधक. सिलिका जेलच्या पुड्या पंखा फिरणाऱ्या पेटीत टाकणं निरर्थक आहे, बघता बघता त्या ओल्या होतात. जागं ठेवण्याची किंमत भिंतीवरच्या मीटरने मोजली : निवांत असताना सगळं मिळून साधारण ३० वॉट, महिन्याला २२ युनिटच्या आसपास. डिस्क झोपवून त्यातले फार तर सात-आठ युनिट वाचले असते. तेवढे मी पावसाळ्याला द्यायला तयार आहे. हिवाळ्यात सेटिंग परत लावायची का, ते बघू.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे हे इथे कुणाला सांगायला नको. दुसरी प्रत धाकट्या भावाकडे कोथरूडला आहे : एन१०० प्रोसेसरचा छोटा बोर्ड, एकच ८ टीबीची डिस्क. १०० एमबीपीएसच्या लाइनवर दिवसाला जेमतेम १ टीबी जातो, तोही लाइन टिकली तर. म्हणून पहिली प्रत डिस्कवर भरून गणपतीला आलेल्या भावाच्या हाती दिली. त्यानंतरचा रोजचा फरक सिंकॉइड हा प्रोग्राम पाठवतो, मधे तुटलं तर जिथे थांबलं तिथून पुढे. आमच्या दोघांचीही जोडणी सीजीनॅटच्या मागे, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे, असल्याने पोर्ट उघडण्याचा प्रश्नच नाही, मधलं काम टेलस्केल ही व्हीपीएन सेवा करते. डेटासेट झेडएफएसनेच कूटबद्ध केलेले आहेत आणि ‘रॉ’ पद्धतीने जातात, त्यामुळे भावाच्या मशीनला एरवी किल्ली माहीतच नसते. उद्या ती डिस्क चोरीला गेली तरी चोराला आमच्या घरची बारशी दिसणार नाहीत. किल्लीचा पासफ्रेज कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवलाय आणि बायकोला तो कुठे आहे ते माहीत आहे. कूटबद्ध डेटासेट असे पाठवण्यात झेडएफएसमध्ये पूर्वी बग सापडलेले आहेत, म्हणून नुसत्या ‘पाठवलं’ या संदेशावर विसंबत नाही. अधूनमधून तिकडे किल्ली तात्पुरती चढवून एखादी मिनीडीव्ही फाइल आणि एखादं नमन उघडून बघतो, चेकसम इथल्याशी ताडतो.

२.५ गिगाबिट स्विचचा मोह सध्या बाजूला. गिगाबिटवर ११० एमबी प्रतिसेकंद मिळतात आणि घरात त्याहून घाई कुणालाच नाही.

दिवाळीत डेबियन १३ वर जायचं आहे, म्हणजे झेडएफएस २.१ वरून २.३ वर. गेल्यावर झेडपूल स्टेटस पूल अपग्रेड करायला सुचवेल. ते मी लगेच करणार नाही. एकदा नवी वैशिष्ट्यं चालू केली की जुन्या आवृत्तीला तो पूल उघडता येईलच असं नाही, आणि माझ्या खणातली बचावाची यूएसबी जुन्याच आवृत्तीची आहे. आधी नवी यूएसबी बनवायची, तिने पूल उघडतो का बघायचं, कोथरूडचं मशीनही १३ वर न्यायचं, मग अपग्रेड. मालवण, गोवा किंवा अलिबागकडे कुणाचा नॅस असेल तर जूनच्या आधीचा आणि आत्ताचा १९९ चा आकडा जरूर कळवा, केबल कुठल्या प्रकारची आहे त्यासकट.