खोट्या फासळ्या

आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी परवा ऑफिसात आली. मे महिना, दुपारचे तीन, धुळ्यात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि ही तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटीवर हजर. कॉलेजनं दिलेला फॉर्म भरून हवा होता. तुमचं प्रेरणास्थान? आवडती इमारत? आवडता रंग? रंगाला मी ‘चुना’ सांगितलं. तिनं शांतपणे ‘व्हाइट’ लिहून घेतलं.

प्रेरणास्थान म्हणून वास्तुकारांची नावं भराभर सांगितली. चार्ल्स कोरिया, बाळकृष्ण दोशी, लॉरी बेकर. कुणीही हीच सांगेल, आणि त्यात खोटं काही नाही. साबरमती आश्रमातलं कोरियांचं १९६३ सालचं संग्रहालय मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गांधीजींची पत्रं बघायची सोडून चौकोन मोजत फिरलो होतो. सहा-सहा मीटरचे चौकोन, वर कौलं, खिडकीला काच म्हणून नाही, लाकडी पट्ट्या. कुठे भिंत, कुठे नुसतीच मोकळी जागा. आमच्याकडे घर असंच मोजतात की! किती खणांचं? खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा.

आजीचं पाच खणांचं होतं, पांझरेच्या काठी. धाब्याचं. सागाचे सर, त्यावर कड्या, त्यावर काटक्यांचा थर आणि वर खारी माती. भिंती इतक्या जाड की खिडकीत आम्ही पोरं मांडी घालून बसायचो. उन्हाळ्यात अकरा वाजले की आजी दारं लोटून घ्यायची. बाहेरून आलं की आधी काहीच दिसायचं नाही. मग पितळी घागरीची कड दिसायची, मग उतरंड, आणि सगळ्यात शेवटी आजी, भिंतीला टेकून बसलेली. “बस आठे. भाईर आग पडी राह्यनी.”

धाब्यात एक भोक ठेवलेलं होतं. त्यातून रुपयाएवढा उन्हाचा गोल खाली पडायचा आणि दुपारभर जमिनीवरून सरकत राहायचा. कोठीपाशी पोचला की चहा. ढग आले तर चहाला उशीर व्हायचा. गोलाच्या वाटेत हात धरला की तो तळव्यावर यायचा, आणि शेणानं सारवलेल्या जमिनीतली धूळ त्या उजेडाच्या दांडीतून वर चढताना दिसायची. उजेड कसा घ्यावा यावर पुढे पाच वर्षं कॉलेजात लेक्चरं ऐकली, पण मला अजून खोलीत एकच लहान उजेड पुरे वाटतो. क्लायंटला पुरत नाही. त्याला सोळा डाउनलाइट लागतात.

पावसाळ्यात ते घर गळायचं, हेही सांगून ठेवतो. आधी खारी टाकूनसुद्धा पातेली मांडावी लागायची. जुन्या घरांवर लिहिणारे एवढंच नेमकं गाळतात.

उन्हाळ्यात आम्ही सगळेच केकी मूस. चाळीसगाव स्टेशनजवळच्या बंगल्यात हा थोर फोटोग्राफर जवळजवळ पन्नास वर्षं स्वतःला कोंडून घेऊन राहिला. टेबलावर वस्तू मांडायच्या, त्यातून आख्खे देखावे उभे करायचे आणि त्यांचे फोटो काढायचे. लोक विक्षिप्त म्हणतात. चाळीसगावच्या उन्हात घराबाहेर न पडण्यात विक्षिप्त ते काय, मला तरी कळलेलं नाही.

आणि सरळ रेघेचं वेड? ते गावाचंच. कॅप्टन ब्रिग्जनं १८१९ च्या सुमारास धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं, आणि आमच्या सरळ आखलेल्या गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर सहा. कॉलेजात सरांनी चंदीगडच्या सेक्टरांचं कौतुक सुरू केलं की मी मागच्या बाकावर मनात म्हणायचो, त्यात काय, आमच्याकडे पत्ता असाच सांगतात.

माझा राग एकाच शब्दावर आहे : इलेव्हेशन, म्हणजे घराचा दर्शनी भाग. “आतलं तुम्ही पाहा, साहेब, पण इलेव्हेशन भारी पाहिजे.” म्हणजे पश्चिमेला तोंड करून काच, भोवती चकचकीत शीट, आणि मग ती काच झाकायला आतून जाड पडदे. पडद्याआड एसी. लाइट गेली की सगळे खाली ओट्यावर. ज्यानं वजन पेललेलं नाही ते घराला लावू नका, असं मी वीस वर्षं सांगत आलोय. खोटे खांब नकोत, खोट्या कमानी नकोत.

आणि माझी जगातली सगळ्यात लाडकी जागा विचाराल, तर अजिंठ्याचं सव्वीस नंबरचं लेणं. जळगावहून साठेक किलोमीटर. शाळेच्या सहलीत पोरं महापरिनिर्वाणाच्या त्या एवढ्या लांब मूर्तीपाशी गलका करत होती आणि मी मान वर करून छत बघत होतो. तिथे फासळ्या आहेत, ओळीनं, कमानदार. आधीचे चैत्य, म्हणजे बौद्धांचे प्रार्थनेचे मंडप, लाकडाचे असायचे, त्यांच्या छताला अशा फासळ्या लागत. इथे आख्खा डोंगर वर आहे, त्याला फासळीचा टेकू कशाला? पण पाचव्या शतकातल्या पाथरवटांनी छिन्नीनं एकेक कोरून काढलीय. एकही काही पेलत नाही. सगळ्या खोट्या. त्या नसत्या तर मी तिथे पुन्हा गेलो असतो का, सांगता येत नाही.

मध्यंतरी दोंडाईच्याच्या एका क्लायंटला पोर्चला फायबरचे चार गोल खांब हवे होते. मी माझं नेहमीचं भाषण दिलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “भाऊ, खांबानं वजनच का पेलायला पाहिजे? शोभा दिसली म्हणजे झालं.”

मी पेन्सिल उचलली. तो पंधरा इंचांचे म्हणत होता, ते बारावर आणले.