शाकारणी

कौलारू घर सांभाळणाऱ्याला चालू ऋतूत राहण्याची सवड फारशी मिळत नाही. राजापूर तालुक्यातले आमचे घर रखरखीत वैशाखात आषाढाची काळजी करायला लावते, भाद्रपदात दसऱ्यानंतरच्या खळ्याची म्हणजे अंगणाची, आणि दिवाळीचे उटणे अंगावर असतानाच पुढच्या मे महिन्याची.

या सगळ्यात पहिला मान शाकारणीचा, म्हणजे पावसाआधी छपराची कौले नीट करण्याचा. मृग साधारण ७ जूनच्या सुमारास लागतो, आणि त्याच्या आत छप्पर हातावेगळे झाले नाही, तर घरातली पातेली, बादल्या आणि परात यांना स्वयंपाकघर सोडून माजघरात मुक्काम करावा लागतो. गळतीचा शोध मात्र पावसात लागत नाही. थेंब जिथे पडतो, तिथले कौल बहुधा शाबूत असते. माकडांनी फोडलेल्या भलत्याच कौलातून आत शिरलेले पाणी वाशावरून ओघळत दोन-तीन हात खाली येते आणि मग टपकते. म्हणून उन्हाळ्यातल्या दुपारी आम्ही दारे-खिडक्या लावून अंधारात वर बघत बसतो. कवडसा दिसला की मी माळ्यावर चढून केरसुणीचा एक हीर त्या फटीतून वर सारतो. छपराच्या उतारावर, म्हणजे पाख्यावर, अनवाणी उभे असलेले आमचे शाकारणीचे सोबती तात्या, जे कौलांखाली रीप म्हणजे आधाराची लाकडी पट्टी असेल तिथेच पाय ठेवतात, तो हलता हीर पाहून "गावला!" म्हणून ओरडतात. एवढ्या मोठ्या छपराचे निदान एका हिरावर होते, याचे मला अजूनही नवल वाटते.

उतरवलेले कौल पालथे केले की मंगळूरच्या कारखान्याची उठावाची अक्षरे दिसतात. बासेल मिशनने १८६५ साली तिथे कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही मंगळुरी कौले गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने वर आली. त्याआधीचे कुंभाराचे नळे, म्हणजे अर्धगोल कौले, नुसते एकावर एक टेकलेले असत, त्यामुळे शाकारणी म्हणजे सगळे छप्परच उतरवून पुन्हा लावणे. मंगळुरी कौल खाचेत खाच अडकवून बसते, म्हणून आता फुटकी तेवढी बदलली की भागते. अडचण एवढीच की नव्या कौलाची खाच जुन्यात नीट बसेलच असे नाही. मग मोडायला काढलेल्या घरांची कौले शोधत फिरावे लागते.

भिंतींच्या बाबतीत मी एकदा शहाणपणा केला. जांभ्याच्या चिऱ्यांवर दरवर्षी चुना कोण काढणार, म्हणून ओटीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून वर तेलरंग दिला. चिरा सच्छिद्र असतो. पावसात पाणी पितो आणि उन्हे पडली की ते सोडतो. त्याची सुटकेची वाट मीच बुजवल्यामुळे गणपतीत, नेमके मखराच्या मागे, रंगाला फोड आले आणि आरतीच्या वेळी एक पोपडा थेट निरांजनाशेजारी पडला. आईने तो उचलला, माझ्याकडे पाहिले, आणि काहीही न बोलता आरती पुढे चालू ठेवली. पुढल्या वर्षी गिलावा खरवडून पुन्हा चुना लावला.

पाऊस सरला की शेवाळून उखणलेल्या खळ्यात नवी माती घालायची, पाणी शिंपून ती चोपण्याने चोपायची आणि शेणाने सारवायचे. हे काम मला मनापासून आवडते, कारण यात वर बघावे लागत नाही.

यंदा दिवाळीत खळे सारवून हात धुतच होतो, तेवढ्यात तात्या कुंपणापाशी येऊन उभे राहिले. खालच्या आळीतले एक घर स्लॅबसाठी पाडायचे ठरले होते. "कौले आपल्याच खाचेची आहेत," ते म्हणाले, "दोनशे तरी सांगून ठेवा, मे महिन्यात गावायची नाहीत." मी ओल्या हातानेच चपला शोधू लागलो.