मिठाच्या पिशवीवर तारीख लिहा

दीर्घायुष्याचा विषय निघाला की खानदेशात बोलणं हमखास दादर ज्वारीच्या भाकरीवर येतं. भाकरी उत्तमच आहे. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, तर त्याहून सरस, कारण ज्वारीत जे प्रथिन कमी पडतं ते उडीद भरून काढतो. पण भाकरीसोबत पोटात काय जातं, याचा हिशोब फार थोड्या घरांत होतो. लकवा, हार्ट अटॅक आणि किडनी खराब होणं, या तिन्हींमागचं एक मोठं कारण म्हणजे वाढलेला बीपी. तो बहुतेकांना जाणवतही नाही आणि मिठाशी त्याचं थेट नातं आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. चार माणसांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम धरले, तर एक किलोची पिशवी ५० दिवस पुरायला हवी. म्हणून पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख टाका. पंचविसाव्या दिवशी ती संपली, तर घर दुप्पट मीठ खातंय. पापड, लोणचं, शेव, बाहेरचं खाणं हे तर यात आलेलंच नाही, त्यामुळे खरं तर पिशवी ५० दिवसांहूनही जास्त टिकली पाहिजे.

मीठ जातं कुठे? काही घरांत कळणा दळायला देतानाच खडेमीठ घालतात आणि मग पीठ मळताना पुन्हा चिमूट पडते. ठेचा मिठाशिवाय कुटलाच जात नाही. उडदाच्या पापडात मीठ असतंच, पण पापडखारही सोडियमचाच क्षार आहे, तो कुणी मोजत नाही. शेवभाजीत तर दुहेरी मार बसतो. शेव आधीच खारी आणि रस्साही पूर्ण मिठाचा. रश्शात निम्मंच मीठ घाला आणि शेव ताटात वाढताना टाका, चव बरोबर जमते. सैंधव घेतलं की सुटलो, असं समजू नका, तेही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच असतं. पाकिटावर सोडियमचा आकडा असेल, तर त्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ कळेल.

एकदम अळणी केलं तर घरात चार दिवसांत बंड होतं. दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं उतरवा, जीभ काही आठवड्यांत सरावते. मीठ शेवटी घाला आणि वरून लिंबू पिळा, आंबटपणामुळे कमी मीठही पुरेसं लागतं. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी किंवा बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

तेलाचंही असंच. माणशी दिवसाला २० ग्रॅम धरलं, तर १५ किलोचा डबा चार जणांना सहा महिने चालायला हवा. रश्शावरची तर्री आणि भरीत-पुरी यांतच डबा लवकर रिकामा होतो. भरीत कळण्याच्या भाकरीसोबत खा. खोबरं खरपूस भाजून वाटलं की त्याचंच तेल सुटतं, फोडणीला चार जणांत दोन मोठे चमचे पुष्कळ झाले.

आता बीपी मोजणं. बहुतेक घरांत मशीन आहे, पण मोजायची पद्धत चुकते. दंडाचं मशीन घ्या, मनगटाच्या मशीनचा तितका भरवसा नाही. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, चालणं नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर बांधा आणि हात टेबलावर, छातीच्या उंचीला ठेवा. हात लोंबकळत असेल, पायावर पाय असेल किंवा बोलणं चालू असेल, तर आकडा उगाच चढतो. दंड जाड आणि पट्टा छोटा असला तरीही तेच होतं. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. असं सकाळ-संध्याकाळ सात दिवस करा, पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. तिचा वरचा आकडा १३५ किंवा खालचा ८५ गाठत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. एखाद्याच आकड्याने घाबरू नका, तसेच एकाच चांगल्या आकड्याने निर्धास्तही होऊ नका.

शेतात राबणाऱ्याला वेगळं चालायची फारशी गरज नाही. दुकानात गादीवर बसणाऱ्याला मात्र आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाल हवीच, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकी. साठीनंतर पायांची ताकद जपायला भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा, असे दोन फेरे करा. तंबाखू मळणं आणि बिडी पूर्ण बंद, तिथे थोडं थोडं चालत नाही.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर जातो. तेव्हा चालणं सकाळी सातच्या आत उरका. उन्हात घाम गाळणाऱ्या मजुराला मीठ-साखरेचं पाणी लागतं, कूलरसमोर बसणाऱ्याला साधं पाणी आणि बिनमिठाचं जिऱ्याचं ताक पुरतं. बीपीच्या गोळ्या चालू असतील आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर बसून आणि उभं राहून दोन्ही आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी मनाने बंद करू नका.