देऊ मी कवणा नवीन पोथी?

परवा छापखान्यातून फोन आला. "मॅडम, सगळी पानं लागली, अर्पणाचं तेवढं कोरं आहे." माझ्या कवितांचं ६४ पानांचं पुस्तक. मी फोन ठेवला आणि कॅटुलस काढून बसले.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या या रोमन कवीच्या संग्रहातली पहिलीच कविता अर्पणाची, १० ओळींची. 'कुइ दोनो लेपिदुम नोवुम लिबेल्लुम', कुणाला देऊ हे सुबक, नवं, चिमुकलं पुस्तक? प्युमिस दगडानं नुकतंच घासून गुळगुळीत केलेलं. पुस्तक म्हणजे तेव्हा पपायरसची गुंडाळी. इथं अंबाजोगाईत राहून गुंडाळी म्हटलं की मला संतकवी दासोपंतांची कापडावर लिहिलेली लांबलचक पासोडीच दिसते.

आमचे दादा मोंढ्यात मुनीम होते. दुकान बंद झालं की 'यमाताराजभानसलगं', हे वृत्तातले तीन-तीन अक्षरांचे गण ओळखायचं सूत्र, म्हणून घ्यायचे. त्याच सवयीनं मी बोटांवर मोजायला लागले आणि 'लेपिदुम'पाशी अडले. आपल्याकडे ए, ओ कायम गुरू, म्हणजे लांब. लॅटिनमध्ये ते लघूही, म्हणजे आखूडही असतात. इथला 'ले' लघू, 'नोवुम'मधला 'नो'ही लघू. 'लिबेल्लुम'चा 'बे' मात्र गुरू, पुढं जोडाक्षर आहे ना! हा नियम तर थेट आपलाच. मग ओळ सुटली: म स ज ग ग, ११ अक्षरं. शेवटची पाच अक्षरं हुबेहूब आपल्या इंद्रवज्रा वृत्ताची. अंगावर काटा आला. पहिल्या दोन अक्षरांत कवी लघु-गुरूची सूट घेतो. चौथी ओळ तर लघूनंच सुरू होते, आपल्या उपजाती वृत्तात चालतं तसं.

रात्री दोनपर्यंत बसून मराठीत एक ओळ बसवली: 'देऊ मी कवणा नवीन पोथी?' गण चोख उतरले, पण 'सुबक' निसटलं. ते अजून सलतंय.

कॅटुलसनं पुस्तक दिलं कॉर्नेलियस नेपोसला. सगळ्या काळाचा इतिहास तीन खंडांत मांडणारा विद्वान तो. पण कारण विद्वत्तेचं नाही. माझ्या किरकोळ कवनांत काहीतरी आहे असं तू मानायचास, एवढंच तो म्हणतो.

मला वाटलं होतं, दादांचं नाव घालावं. पण माझ्या कवनांना असं कोण मानायचं? थोरल्या जाऊबाई. सुपात ज्वारी निवडत बसायच्या, मी म्हणून दाखवलं की हात थांबायचा. "पुना म्हण की गं ते." अक्षर ओळख नाही, पण मात्रा चुकली की मान वर व्हायची.

सकाळी छापखान्यात त्यांचं नाव कळवलं. पहिली प्रत आली की त्यांच्यापुढं बसून ते पान मीच वाचून दाखवणार आहे.